आजारी मुलाच्या चित्रपटात संवादांआधी आजाराचं कॅलेंडर लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. घरात आई, बाबा आणि अकरा वर्षांचा भाऊ. दोन तासांच्या चित्रपटाचा पहिला खर्डा तयार आहे, पण वाचणारे म्हणतात, ‘रडवायला लिहिलंय.’ मुलगी शेवटी जाते. निदान सांगण्याचा, केस गळण्याचा आणि मृत्यूचा असे तिन्ही मोठे प्रसंग खोटे वाटतात. संवाद तीनदा बदलूनही फरक पडला नाही.

संवाद बदलून फरक पडणारच नव्हता. या प्रसंगांना तारीखच नाही. ते आजाराच्या नेमक्या कुठल्या दिवशी घडतात, त्या दिवशी मुलीच्या शरीरात काय चाललंय, कुठलं औषध सुरू आहे, कुठल्या रिपोर्टची वाट पाहणं चालू आहे, यातलं काहीच खर्ड्यातून कळत नाही. लहान मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डात सगळी माणसं दिवस मोजून जगतात. ‘आज आठवा दिवस’, ‘काउंट वर आले का?’, ‘सोमवारी मॅरो आहे’ ही तिथली रोजची भाषा (काउंट म्हणजे रक्तपेशींचे आकडे, मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी). ते कॅलेंडर हाताशी आलं की अर्धे संवाद आपोआप गळतात आणि उरलेल्यांना वजन येतं. म्हणून पटकथा बाजूला ठेवा आणि पहिल्या दुखण्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा तक्ता काढा. तारीख, उपचाराचा टप्पा, रक्ताचे आकडे, केस, चेहरा, वजन, शरीरात सुई कुठे आहे, त्या रात्री मुलीजवळ कोण झोपलंय आणि भाऊ कुठे आहे, एवढे रकाने पुरेत.

तक्ता काढायला बसलात की पहिली अडचण आजाराच्या निवडीची येईल. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, वॉर्डातल्या भाषेत एएलएल. दोन ते पाच या वयात तो सर्वाधिक दिसतो, सातव्या वर्षीही होतोच. वय एक ते दहाच्या आत आणि निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी मायक्रोलीटरला ५०,०००पेक्षा कमी असतील तर जोखीम तुलनेनं कमी धरतात. पूर्ण उपचार मिळाले तर आज अशा दहा मुलांतली नऊ बरी होतात. तुमच्या खर्ड्यात निदान होतं, केमो सुरू होते, केस जातात आणि मुलगी जाते. ज्या प्रेक्षकाच्या ओळखीत एएलएलमधून बरं झालेलं मूल आहे त्याला इथेच खटकतं. तिचा मृत्यू लेखकाच्या सोयीसाठी आलाय, हे त्याला लगेच जाणवतं.

यातून बाहेर पडायचे रस्ते आहेत. कथा जुन्या काळात नेता येते. १९४७च्या अखेरीस बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली आणि १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर ही मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात. या औषधानं काही मुलं उठून खेळायला लागली, पण आजार परत आला. १९६२पासून मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र आणि मेंदू-मज्जारज्जूसाठी वेगळे उपचार अशी पद्धत उभी केली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास निम्मी मुलं बरी व्हायला लागली होती. १९४८ सालच्या कुटुंबाची आशा आणि १९७२ सालच्या कुटुंबाची आशा या दोन पूर्ण वेगळ्या कथा आहेत.

कथा आजच्याच काळात पण उपचार अपुरे असलेल्या जागी ठेवली तर मृत्यूचं कारण वेगळं असतं, आणि ते पडद्यावर दिसायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. फरक पडतो तो उशिरा झालेल्या निदानामुळे, न मिळालेल्या औषधामुळे, जंतुसंसर्गामुळे आणि अर्ध्यावर सुटलेल्या उपचारामुळे. उपचार अर्ध्यावर सुटणं हा अख्ख्या चित्रपटाचा विषय होऊ शकतो. पहिल्या महिन्यानंतर मूल इतकं धडधाकट दिसतं की घरच्यांना ते बरं झालंय असं मनापासून वाटतं.

किंवा आजारच बदला. मृत्यू अटळ हवा असेल, काळ थोडा हवा असेल आणि मूल शेवटपर्यंत समजूतदार हवं असेल, तर डीआयपीजी ही ब्रेनस्टेममधली, म्हणजे मेंदूच्या देठातली गाठ तुमच्या कथेच्या जास्त जवळची आहे. ती बहुधा पाच ते दहा वर्षांच्या मुलांना होते. सुरुवात तिरळेपणानं, चेहऱ्याची एक बाजू ओघळण्यानं, चालताना तोल जाण्यानं होते. शस्त्रक्रियेनं काढता येत नाही. साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन देतात. त्यानंतर अनेकदा काही महिने मूल आश्चर्य वाटावं इतकं सुधारतं, पुन्हा सायकल चालवतं, आणि मग लक्षणं परततात. निदानानंतर बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपासच जगतात. बोलणं आणि गिळणं जातं, पण समज बहुतेक वेळा टिकून असते. तो मधला चांगला काळ चित्रपटासाठी सगळ्यात समृद्ध आहे. मोठ्यांना पुढचं माहीत असतं, आणि मूल मात्र समोर पळत असतं. स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखे वर्षानुवर्षं चालणारे आजार दोन तासांत मावत नाहीत. तिथे कथा एकाच वर्षाची करावी लागते.

तुम्हाला एएलएलच ठेवायचा असेल तर मृत्यूकडे जाणारा खरा मार्ग बहुतेक वेळा आजार परत येण्यातून, म्हणजे रिलॅप्समधून जातो. निदानापासून दीड वर्षाच्या आत, उपचार चालू असतानाच तो बोन मॅरोत परत आला तर परिस्थिती गंभीर असते. तुमच्या कथेत रिलॅप्स चौदाव्या महिन्यात ठेवा आणि मागे-पुढे मोजत जा. त्यामुळे चित्रपटाचा पूर्वार्ध मुलगी बरी होण्याचा होतो. उपचार यशस्वी होताना प्रेक्षकानं पाहिले असतील तर पुढचं नुकसान त्याला आपलं वाटतं.

आता पहिला महिना. सगळ्यात जास्त प्रसंग याच महिन्यात आहेत आणि खर्ड्यात तो दीड पानात उरकलाय.

निदानाच्या आधी दोन-तीन आठवडे मुलगी फिकट, चिडचिडी, लवकर थकणारी. अधूनमधून ताप. रात्री पाय दुखतात, ‘वाढीचं वय आहे’ म्हणून तेल चोळलं जातं. ती थोडी लंगडते. वहीवर नाकातून रक्ताचा थेंब पडणं आणि प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येणं आता इतकं वापरून झालंय की ते दिसताच प्रेक्षक सावरून बसतो. त्याऐवजी हे घ्या: आई मोजे काढते, तर मोज्याच्या वळाखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. घामोळं समजून ती अंगठ्यानं दाबते, सोडते. घामोळं दाबल्यावर क्षणभर फिकं पडतं, हे ठिपके पडत नाहीत. ती परत दाबते. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी घटल्यामुळे त्वचेखाली झालेला हा रक्तस्राव आहे, हे आईला ठाऊक नाही, पण काहीतरी बरोबर नाही हे तिच्या अंगठ्याला कळतं. संवादाची गरज नाही. निळ्या डागांबाबतही एवढं ध्यानात ठेवा: नडगीवरचे डाग कुठल्याही खेळकर मुलाला असतात. पाठीवर, पोटावर, दंडाच्या आतल्या बाजूला दिसले तर शंका येते.

रक्ताचा रिपोर्ट त्याच दिवशी येतो, आणि बहुतेक वेळा प्रयोगशाळेतूनच डॉक्टरांना फोन जातो. आकडे वास्तवाला धरून लिहा. हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट १८,०००, पांढऱ्या पेशी १२,००० आणि स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, ब्लास्ट या कर्करोगाच्या अपक्व पेशी. पांढऱ्या पेशी नेहमी लाखाच्या घरात असतात हा पटकथांमधला गैरसमज आहे. त्या वाढलेल्या, कमी किंवा जवळपास नेहमीएवढ्याही असू शकतात.

भरती झाल्यावर पहिले दोन दिवस भरपूर सलाईन आणि ॲलोप्युरिनॉल. औषधानं कर्करोगाच्या पेशी एकदम फुटल्या तर त्यांतून निघालेले क्षार आणि युरिक ॲसिड मूत्रपिंड बंद पाडू शकतात, म्हणून लघवीचा प्रत्येक मिलीलीटर मोजला जातो. दोन दिवसांपूर्वी शाळेचा डबा भरणारी आई मोजपात्र हातात धरून तक्त्यावर आकडा लिहिते. या अवस्थेतल्या आईसाठी याहून चांगली कृती सुचवता येणार नाही. रक्ताची लाल पिशवी आणि प्लेटलेटची पिवळसर पिशवी यांत कला विभागानं गल्लत करू नये. लाल पिशवी तीन-चार तास चालते, प्लेटलेट अर्ध्या-पाऊण तासात संपतात.

उपचाराच्या पहिल्या दिवशी भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून बोन मॅरोचा नमुना घेतात आणि पाठीच्या मणक्यांमधून औषध देतात. मुलगी जागी असून किंचाळतेय, चार जण तिला दाबून धरतायत, असा प्रसंग आजच्या सुसज्ज रुग्णालयात ठेवू नका. खरा ताण वेगळ्याच जागी असतो: सकाळपासून उपाशी ठेवलेलं मूल, भूल देताना आईच्या मांडीवर सैल पडलेली मान, आणि आईला ‘आता बाहेर थांबा’ असं सांगितलं जाणं.

त्यानंतर व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून, असे चार डोस. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज दोन वेळा, २८ दिवस. ॲस्परॅजिनेज हे आणखी एक औषध. आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा पाठीत औषध. इथे एक चूक वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला पडद्यावर तत्काळ दिसेल. व्हिन्क्रिस्टीन चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जातो. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि पाठीतलं औषध द्यायच्या वेळी ते खोलीतसुद्धा नसतं. एका ट्रेमध्ये दोन सिरिंज मांडलेली फ्रेम दिसायला कितीही छान असली तरी काढून टाका. पाठीत दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट मात्र पिवळं असतं आणि सिरिंजमध्ये उठून दिसतं. ते जरूर दाखवा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्टेरॉइडची भूक सुरू होते. ही भूक कोणत्याही पटकथेत क्वचितच दिसते, आणि घरातल्या माणसांना वर्षांनंतरही तीच आठवते. रात्री तीन वाजता मुलगी जागी होऊन एकच पदार्थ मागते, तोच, तसाच, आत्ता. दिला तर खाते आणि वीस मिनिटांनी परत मागते. नाही दिला तर रडते, वस्तू फेकते, ‘तू मला आवडत नाहीस’ म्हणते, आणि नंतर स्वतःच घाबरून आईला बिलगते. हा राग औषधाचा आहे हे बाबांना समजावून सांगितलेलं असतं, तरी तीन वाजता ते विसरायला होतं. याच रात्री आईबाबांमध्ये पहिलं भांडण ठेवा. भांडणाचा विषय खाण्याचाच असू दे, कर्करोगाचा शब्द कुणीही काढू नये.

दुसऱ्या आठवड्यात जबडा दुखणं आणि बद्धकोष्ठ, दोन्ही व्हिन्क्रिस्टीनमुळे. चेहरा गोल व्हायला लागतो, पोट पुढे येतं, मांड्या मात्र बारीक आणि अशक्त. जमिनीवर बसलेली मुलगी उठताना आधार शोधते, जिना चढताना कठड्याला लोंबते. केस दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात विरळ होतात. ते एका सकाळी उशीवर पडलेले सापडत नाहीत. टाळू हुळहुळते, केस कॉलरवर, ताटात, तोंडात येतात आणि सगळ्यांना त्याचा कंटाळा येतो. पहिल्या महिन्यात अनेक मुलांचे केस पूर्ण जात नाहीत. मग थोडे उगवतात, आणि काही महिन्यांनी डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध असलेल्या जोरकस टप्प्यात पुन्हा गळतात, तेव्हा भुवया आणि पापण्याही विरळ होतात. दुसऱ्यांदा केस जाणं पहिल्यापेक्षा जास्त लागतं, कारण मुलीनं मधल्या काळात क्लिप लावायला सुरुवात केलेली असते. तुमचा केसांचा प्रसंग तिथे हलवा.

म्हणजे पडद्यावरचं ते परिचित रूप, कृश, पांढरंफटक, सुंदर, मोठ्या डोळ्यांचं टकलू मूल, पहिल्या महिन्यात असत नाही. या महिन्यातली मुलगी फुगलेली, विरळ केसांची, चिडकी आणि फेंगडी चालणारी असते. वर्गातली मैत्रीण भेटायला येते आणि तिला ओळखत नाही. सातव्या वर्षी हे किती खोल जातं, ते लिहा.

एकोणतिसाव्या दिवशी पुन्हा बोन मॅरो. दहा हजार पेशींत एकापेक्षाही कमी कर्करोगाची पेशी उरली आहे का, हे पाहतात, म्हणजे ०.०१ टक्क्याच्या खाली. रिपोर्टला काही दिवस लागतात. बहुतेक मुलांमध्ये आजार एवढ्यात शमलेला असतो. हा चित्रपटातला पहिला आनंद, आणि त्याच बैठकीत डॉक्टर सांगतात की अजून दोन-अडीच वर्षं औषधं चालतील. बाबांना पहिलं वाक्य ऐकू येतं, आईला दुसरं.

पोर्टमध्ये सुई टोचण्याचा प्रसंग चित्रपटात तीन वेळा ठेवावा, कारण त्यातूनच मुलीचा प्रवास दिसतो. पोर्ट ही कॉलरबोनच्या खाली त्वचेआड बसवलेली छोटी डबी, तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. साधारण तासभर आधी बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवतात. सिस्टर हातमोजे घालते, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं जागा घासते आणि ती वाळू देते. वाळायचं ते अर्धं मिनिट सगळ्यात लांब असतं. मग दोन-तीन बोटांत डबी पक्की धरून काटकोनात वाकलेली सुई सरळ आत, तळाला टेकेपर्यंत. सिरिंज मागे ओढली की नळीत रक्त येतं, म्हणजे जागा बरोबर आहे. मग सलाईन आत सोडतात, आणि बऱ्याच मुलांना त्याच क्षणी तोंडात खारट चव येते. पहिल्या वेळी मुलगी आईच्या कुशीत तोंड लपवून रडते. दुसऱ्या वेळी ती अट घालते, ‘मी तीन म्हणेन तेव्हाच’, आणि दोनवर थांबून राहते. तिसऱ्या वेळी, रिलॅप्सनंतर, ती स्वतःच शर्टाचं बटण काढते आणि सिस्टरला म्हणते, ‘झालं वाळून.’ तिसऱ्या वेळी कॅमेरा आईवर नेऊ नका.

निदान सांगण्याचा प्रसंग तुम्ही कॉरिडॉरमध्ये ठेवलाय, डॉक्टर फाइल घेऊन उभे आणि आई भिंतीला टेकून खाली घसरते. डॉक्टरांना वाईट बातमी सांगायचं प्रशिक्षण असतं. स्पाइक्स नावाची सहा टप्प्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली आणि आज ती सर्वत्र शिकवतात: शांत जागा आणि बसून बोलणं, समोरच्याला किती माहीत आहे ते विचारणं, किती ऐकायचंय ते विचारणं, सोप्या शब्दांत सांगणं, भावनांना जागा देणं, पुढची दिशा ठरवणं. हे टप्पे पाळणारा डॉक्टर लिहा, म्हणजे प्रसंगातला सगळा ताण आईबाबांकडे सरकेल. उदाहरणार्थ:

‘तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?’
‘रक्त कमी आहे म्हणाले. टॉनिक देणार आहात ना?’
‘रिपोर्ट आम्हाला काळजीचा वाटला, म्हणून दोघांना एकत्र बोलावलं. तिला ल्युकेमिया आहे. रक्ताचा कर्करोग.’
‘पण ती तर परवा शाळेत गेली होती.’

यानंतर डॉक्टर गप्प बसतो. चांगल्या डॉक्टरची ती शांतता पाच-सात सेकंदांची असते आणि पडद्यावर फार लांब वाटते. ती एडिटमध्ये कापू नका. पुढचं बहुतेक आईबाबांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून तेच सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागतं. त्यांचे प्रश्नही मोठे नसतात. ‘आमचं काय चुकलं?’, ‘तेव्हाच आणलं असतं तर?’, ‘भावाला होईल का?’, ‘परीक्षा आहे तिची.’ यातल्या पहिल्या प्रश्नाला डॉक्टरनं स्पष्ट उत्तर द्यायलाच हवं: तुमच्यामुळे झालेलं नाही. ‘तीन महिने उरलेत’ असं ठाम विधान खरे डॉक्टर सहसा करत नाहीत. शेवटाकडे ते दिवस, आठवडे की महिने एवढ्याच मापात बोलतात.

मुलीला किती सांगायचं, हा प्रश्न खर्ड्यात मोठ्यांनीच आपसात सोडवलाय. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर यांनी १९७०च्या दशकात ल्युकेमियाच्या वॉर्डातल्या मुलांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं की कुणीही न सांगता ही लहान मुलं आपल्या आजाराची अवस्था ओळखतात, मरण जवळ आहे हेसुद्धा. आईबाबांना त्रास होऊ नये म्हणून ती काही माहीत नसल्यासारखी वागतात, आणि मोठेही तसंच वागतात. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक आणि दोन्ही बाजू गप्प. तुमच्या उत्तरार्धाचा पाया हाच आहे. सात वर्षांच्या मुलीला मृत्यू म्हणजे परत न येणं हे साधारण कळलेलं असतं. तिला ‘मोठ्या प्रवासाला जाणार’ असली वाक्यं देऊ नका. ती विचारते ते नेमकं असतं: दुखेल का, तेव्हा जवळ कोण असेल, माझी खोली कुणाला देणार.

भाऊ हे तुमचं सगळ्यात मजबूत पात्र आहे आणि त्याला सध्या तीनच प्रसंग आहेत. त्याचं स्वतंत्र कॅलेंडर काढा. पहिल्या महिन्यात तो नातेवाइकांकडे, त्याच्या सामन्याला कुणी येत नाही, त्याला फोनवर ‘सगळं ठीक आहे’ सांगतात आणि बाकीचं तो दाराआडून ऐकतो. त्याचं पोट दुखायला लागतं, आणि ते खोटं नसतं. बहिणीशी भांडताना तो कधीतरी ‘मर जा’ म्हणालेला असतो, आणि आजार आपल्यामुळे झाला अशी त्याची खात्री असते. त्याला हेवाही वाटतो, आणि हेवा वाटल्याची लाजही.

रिलॅप्सनंतर बोन मॅरोचं प्रत्यारोपण आलं की भाऊ मध्यभागी येतो. सख्ख्या भावंडाची जुळणी पूर्ण होण्याची शक्यता चारात एक. जुळली तर भावाला भूल देऊन, पालथं झोपवून कमरेच्या हाडांतून मॅरो काढतात, घेणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबानं किलोमागे १० ते २० मिलीलीटर, म्हणजे २२ किलोच्या मुलीसाठी साधारण २२० ते ४४०. तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो, कंबर काही दिवस दुखते. मुलीच्या बाजूला शस्त्रक्रिया नसते. तिला आधी आठवडाभर जबर केमो किंवा रेडिएशन देऊन स्वतःचा मॅरो रिकामा करतात, आणि ‘शून्याव्या दिवशी’ भावाच्या पेशींची पिशवी सलाईनसारखी लटकवतात. ज्या क्षणाची सगळ्यांनी इतके दिवस वाट पाहिली तो दिसायला इतका साधा असतो की आई विचारते, ‘झालं?’ मग दोन ते चार आठवडे एकांतखोली, तोंडभर व्रण, गिळता न येणं, आणि रोज सकाळी काउंट. दोघांचे रक्तगट वेगळे असतील तर काही महिन्यांत बहिणीचा रक्तगट भावाचा होतो. अकरा वर्षांच्या मुलाला याचा प्रचंड अभिमान वाटेल. आणि प्रत्यारोपणानंतर पाचव्या महिन्यात आजार परतला, की त्याच मुलाच्या मनात येईल: माझं रक्त कमी पडलं. हे वाक्य त्यानं कुणाला सांगायचं, यावर तुमचा तिसरा अंक उभा राहतो. माझ्या मते त्यानं ते बहिणीलाच सांगावं.

त्यानंतर मृत्यू. मॉनिटरची सरळ रेषा, धावपळ, छातीवर शॉक, हे सगळं काढा. सरळ रेषेला शॉक देतच नाहीत, आणि उपचारांचा उपयोग संपल्याचं कुटुंबानं स्वीकारलेलं असेल तर मॉनिटर बहुतेक वेळा आधीच काढलेला असतो. शेवटचे दिवस असे असतात: मुलगी जास्त वेळ झोपते, खाणं थांबतं, मॉर्फिन नियमित वेळेला, गिळता येत नसेल तर दुसऱ्या मार्गानं. मॉर्फिन वेदना आणि धाप कमी करतं. ‘याच औषधानं ती गेली’ असं चित्र उभं करू नका, त्यामुळे पाहणारे आईबाबा गरजेच्या वेळी ते द्यायला घाबरतात. मग हातपाय गार पडतात, त्वचेवर जाळीदार निळसर छटा येते. श्वास अनियमित होतो, मध्ये मोठे खंड पडतात. घशात घरघर होते, ती मुलीपेक्षा ऐकणाऱ्याला जास्त छळते. प्रत्येक खंडात खोलीतली माणसं आपलाही श्वास रोखतात, आणि पुढचा श्वास येतो. हे तास न् तास चालतं, त्यात कुणाला डुलकी लागते, कुणी पाणी प्यायला जातं. शेवटचा श्वास शेवटचा होता हे थोड्या वेळानंच कळतं. शेवटचं सुंदर वाक्य बोलून कुणी डोळे मिटत नाही. तुमच्या मुलीचं शेवटचं बोलणं दोन दिवस आधी आणि एखाद्या क्षुल्लक गोष्टीबद्दल असू दे.

त्यानंतरचा तासही लिहा. सिस्टर पोर्टची सुई काढते आणि सवयीनं, हळू आवाजात, ‘आता काढतेय हं’ असं मुलीला सांगते. अंग पुसणं, कपडे बदलणं यात आई मदत करते. अनेक ठिकाणी तळहाताचा ठसा घेऊन देतात.

चित्रीकरणाबद्दल थोडंच. केस हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. ते महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणून मूल आणि पालक मुंडणाला मनापासून तयार असतील तर लांब केसांचे प्रसंग आधी, विरळ केसांचे मध्ये, टकलाचे शेवटी, आणि बऱ्या झालेल्या काळाला विग. तयार नसतील तर बाल्ड कॅपचा, म्हणजे टक्कल दाखवणाऱ्या टोपीचा दिवस वेगळा धरा. ती बसवायला तास-दीड तास जातो, मूल कंटाळतं, आणि कपाळावरची कड दिसू नये म्हणून अँगल मर्यादित होतात. फिकटपणासाठी पावडर चोपडू नका. ओठ, नखं आणि तळहात यांतला लालसरपणा कमी करा, डोळ्यांखाली काळं फासू नका. गोल चेहरा हा कृत्रिम भाग लावायचा प्रश्न आहे, तो खर्चात आधीच धरा. खरी सुई सेटवर नको: कापलेली नळी आणि चिकटपट्टी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा दिसला तर तो टेक गेला, कारण वॉर्ड माहीत असलेला प्रेक्षक पुढचा संवाद न ऐकता बुडबुड्याकडेच पाहत बसेल. बालकलाकाराला ‘तुझी आई गेली असं समज’ असलं काहीही सांगू नका. त्याला कृती द्या: या बाजूनं उठ, पाय जड आहे, तोंडात खारट लागलंय. दृश्य संपल्यावर पट्ट्या त्याच्यासमोर काढा आणि त्याला त्या हातात घेऊ द्या.

खर्डा पूर्ण झाला की वॉर्डात काम केलेल्या सिस्टरला वाचायला द्या. सिस्टर आठ-आठ तास खाटेजवळ असते, डॉक्टर दिवसातून दोनदा फेरी मारतो. ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘असं होत नाही’ असं ती जिथे म्हणेल तिथे ‘मग काय होतं?’ विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या. यातून गेलेल्या आईबाबांना वाचायला देणार असाल तर निदान, रिलॅप्स आणि मृत्यूचे प्रसंग कुठल्या पानांवर आहेत ते पहिल्या पानावर लिहून द्या, आणि ती पानं न वाचता परत केली तरी चालेल, हे तोंडानं सांगा.